धर्मभगिनींचा दिनक्रम आणि मुंबईतील सेवाघरे

मुंबई आणि तिच्या उपनगरांत कॅथलिक धर्मभगिनींचे काम शाळेपासून सुरू झाले. बेल्जियममधल्या लीएज शहरात १८३३ मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या सिस्टर १८६२ मध्ये कराचीत उतरल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढच्या काही वर्षांतच वांद्र्याला त्यांचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट उभे राहिले. फी भरणाऱ्या मुलींची शाळा आणि तिच्या जोडीला अनाथ मुलींचे वसतिगृह, ही त्या काळच्या कॉन्व्हेंटांची नेहमीची रचना होती. सिस्टर सहसा आवाराबाहेर पडत नसत. गरिबाने दाराशी यावे आणि दार उघडले जावे, असा तो व्यवहार होता.

रुग्णसेवेची वाट याहून अरुंद होती. चर्चच्या नियमांनुसार व्रतस्थ स्त्रियांना प्रसूतिशास्त्र आणि शस्त्रक्रिया या शाखांत पूर्ण वैद्यकीय काम करण्याची मुभा नव्हती. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नसत आणि बाळंतपणात दगावत, हे रावळपिंडीच्या दवाखान्यात पाहिलेल्या ॲना डेंगल या ऑस्ट्रियन डॉक्टरने १९२५ मध्ये ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ काढला आणि हा नियम बदलावा म्हणून चिकाटीने प्रयत्न केले. रोमने १९३६ मध्ये बंदी उठवली. भारतातल्या कॅथलिक मिशन रुग्णालयांचा पुढचा विस्तार या एका निर्णयाशिवाय झाला नसता. त्यामागे पंजाबातल्या बायकांचे मरण होते, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

अंधेरीला ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’च्या सेंट कॅथरिन्स होममध्ये टाकून दिलेली अर्भके, निराधार मुली आणि फसवल्या गेलेल्या स्त्रिया यांना आसरा मिळे. तिथे काम करणाऱ्या जर्मन सिस्टर ॲना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा नवा संघ सुरू केला. त्यात आल्या त्या भारतीय मुली. साडी नेसणाऱ्या, इथल्या भाषा बोलणाऱ्या आणि वस्तीत घरोघर जाऊ शकणाऱ्या या सिस्टरांमुळे कामाची दिशाच पालटली. आता दार ठोठावायचे काम सिस्टरांकडे आले. पैसा बराचसा बाहेरून येई. बॉनमध्ये रोझी गोलमन यांनी १९६७ मध्ये स्थापलेल्या संस्थेने तर ‘अंधेरी हिल्फे’ असे या उपनगराचेच नाव घेतले.

‘हेल्पर्स ऑफ मेरी’ने वर्सोव्याला विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटर चालवले आणि कुष्ठरोग्यांच्या सेवेत मोठी मजल मारली. महाराष्ट्राला हे क्षेत्र नवे नव्हते. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० चे, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमटेंचे आनंदवन १९४० च्या दशकात उभे राहिले. सिस्टरांचे वेगळेपण रोजच्या पट्टीबांधणीत होते. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. खिळा टोचला, निखारा लागला तरी कळत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून रुग्णाचा पाय आधी साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवायचा, टाचेवरची निबर कातडी हलक्या हाताने घासून काढायची, जखम धुऊन झाकायची आणि ओल टिकावी म्हणून बाकीच्या कातडीला तेल लावायचे. मग मऊ रबराच्या तळव्याची चप्पल पायाला बसते का ते पाहायचे. हे एकदा करून भागत नाही, रोज करावे लागते. १९८० च्या दशकात तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि रोग बरा होऊ लागला, पण आधीच बधिर झालेल्या पायांना ही निगा जन्मभर लागतेच.

रोजच्या रोज तेच काम करायचे, ते कंटाळा न येता आणि वर्षानुवर्षे, हे केवळ दयेच्या भरवशावर जमत नाही. त्यासाठी घट्ट दिनक्रम लागतो. तो सर्वांत स्पष्ट दिसतो ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’त. मदर तेरेसा १९४८ मध्ये कोलकात्याच्या लोरेटो कॉन्व्हेंटमधून बाहेर पडल्या आणि आधी पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सकडे शुश्रूषा शिकायला गेल्या. आपल्या सिस्टरांनी अगदी गरिबासारखे, मीठभातावर राहावे असा त्यांचा मानस होता. पाटण्याच्या सिस्टरांनी त्यांना समजावले: रोग्यांत दिवसभर राबणाऱ्या बाईला पोटभर साधे अन्न, आठवड्याला एक विसाव्याचा दिवस आणि रोज धुतलेले कपडे हवेतच, नाहीतर तीच आजारी पडेल. हा सल्ला त्यांनी मानला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी संघाला मान्यता मिळाली आणि ही व्यवस्था नियमात आली. दारिद्र्याच्या व्रताला शरीरशास्त्राचा आधार मिळाला. संघ इतका टिकला आणि पसरला, त्यात या सल्ल्याचा वाटा मोठा आहे.

सिस्टर पहाटे चार चाळीसला उठतात. प्रार्थना आणि मनन, मग मिस्सा. न्याहारीनंतर प्रत्येकीने आपली साडी बादलीत हाताने धुवायची, घर झाडायचे-पुसायचे आणि आठच्या सुमारास कामाला लागायचे. बाहेर पडायचे ते दोघी-दोघींनी, वाटेत जपमाळ म्हणत. दुपारी परत येऊन जेवण, अर्धा तास पडणे, धर्मग्रंथाचे वाचन आणि पुन्हा काम. संध्याकाळी तासभर आराधना. ती १९७३ पासून रोजची झाली. रात्रीच्या जेवणानंतर थोडा वेळ गप्पा-हसणे, तेही वेळापत्रकात नेमलेले. दहाच्या आत दिवे बंद. गुरुवार हा घरात राहून प्रार्थनेचा आणि विसाव्याचा दिवस. घरात पंखा नाही. प्रत्येकीकडे तीन साड्या: एक अंगावर, एक धुतलेली, एक राखीव. शिवाय जपमाळ, डाव्या खांद्याशी टाचलेला छोटा क्रूस, चपला, ताट-चमचा. निळ्या काठाची ही पांढरी साडी कोलकात्याजवळच्या टिटागढला कुष्ठरोगी विणतात. नवशिक्या मुलींची साडी बिनकाठाची असते. अंतिम व्रते घेईपर्यंत आठ-नऊ वर्षे जातात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांना इथे चौथे जोडलेले आहे: गरिबांतल्या गरिबाची मनापासून आणि मोफत सेवा. या ‘मोफत’ शब्दामुळे शाळेच्या फीवर चालणाऱ्या जुन्या कॉन्व्हेंटांची वाट या संघाला कायमची बंद झाली.

१९५९ पासून संघ कोलकात्याबाहेर रांची, दिल्ली, झाशी आणि मुंबईत आला. भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवर १९७६ मध्ये ‘आशादान’ सुरू झाले. जागा हिंदुस्तान लिव्हर कंपनीची, सुमारे ७२,५०० चौरस फुटांची. देखभालीचा खर्च कंपनीने उचलला आणि माणसांची काळजी सिस्टरांनी. रस्त्यावर पडलेले म्हातारे, मतिमंद आणि अपंग मुले, टाकून दिलेली बाळे आणि पुढे एचआयव्हीबाधित रुग्ण असे सारे एका छताखाली आले. एचआयव्हीच्या पहिल्या वर्षांत रुग्णाला नातेवाईकही शिवत नसत, तेव्हा अशा घरांचे मोल फार होते. अंथरुणाला खिळलेल्यांना कूस बदलून द्यायची, पाठीच्या जखमा धुवायच्या, भरवायचे, पुसायचे आणि मेल्यावर ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे निरोप द्यायचा, हे इथले काम.

या पद्धतीवर टीकाही झाली आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. ‘लॅन्सेट’चे संपादक रॉबिन फॉक्स यांनी संघाचे कोलकात्यातले मरणासन्नांचे घर ‘निर्मल हृदय’ पाहून १९९४ मध्ये लिहिले की तिथे रोगनिदान आणि वेदनाशमन अपुरे आहे. बरा होऊ शकणारा रुग्ण आणि मरणपंथाला लागलेला रुग्ण यांत नीट फरक केला जात नाही, हा त्यांचा आक्षेप होता. साधेपणाचे व्रत सिस्टरांनी स्वतःसाठी घेतले होते. रुग्णाने ते घेतलेले नव्हते. मुद्दा रास्त होता. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या तेव्हा संघात सुमारे ४,००० सिस्टर होत्या आणि तो १२३ देशांत पसरला होता. एवढ्या मोठ्या व्यापात फक्त मायेच्या स्पर्शावर भागवता येत नाही.

दरम्यान मुंबईची गरिबीच रेल्वेमार्गाने पुढे सरकत होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवले गेले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. शेजारच्या अंबरनाथला दारूगोळा आणि काड्यापेटीचे कारखाने होते, बदलापूरकडे पुढे रसायनांचे आले आणि मजुरांच्या चाळी-झोपड्या वाढल्या. केरळातून आलेल्या कामगारांची संख्या एवढी झाली की सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. सिस्टरांचे माहेरही तसेच बदलले: आधी युरोप, मग गोवा, वसई आणि मंगळूर, त्यानंतर केरळ आणि छोटा नागपूर. महाराष्ट्रात रुजू होणाऱ्या सिस्टरला आज बहुधा हिंदी-मराठी नव्याने शिकावी लागते. वस्तीतल्या बाईचे रेशनकार्ड, दारुडा नवरा, मुलाचा शाळाप्रवेश हे तिच्याच बोलीत ऐकल्याशिवाय समजत नाही.

कायद्यानेही कामाचा आकार बदलला. दत्तकविधानाच्या नव्या केंद्रीय नियमांनुसार एकट्या पालकालाही मूल द्यावे लागणार होते. ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ने त्याला नकार दिला आणि २०१५ मध्ये भारतातले दत्तक देण्याचे काम सोडले. त्यानंतर अनाथ बाळांसाठी कुटुंब शोधण्याचे काम इतर नोंदणीकृत संस्थांकडे गेले, आणि अपंग मुले, निराधार वृद्ध व दीर्घकाळचे रुग्ण यांची देखभाल हेच सिस्टरांच्या घरांचे मुख्य काम उरले.