मूषकांची शुश्रूषा : खंभातच्या पिसापासून आजच्या मात्रेपर्यंत

इ. स. १६२३ च्या फेब्रुवारी महिन्यात पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक रोमन उमराव सुरतेहून खंभातला येऊन पोहोचला. तुर्कस्तान व इराण पालथे घालून आलेला हा प्रवासी मोठा चौकस होता. खंभातमध्ये पशुपक्ष्यांसाठी धर्मार्थ रुग्णालये चालतात, हे कळताच तो ती पाहण्यास गेला. पक्ष्यांच्या रुग्णालयात त्याने आजारी, लंगडे व जोडीदारास मुकलेले पक्षी पाहिले. परंतु सर्वांत मोठे आश्चर्य त्याला वाटले ते एका पेटीचे. त्या पेटीत कापसाच्या गादीवर उंदरांची काही पोरकी पिल्ले ठेवलेली होती. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा चढवून पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजीत होता. पिल्ले मोठी झाली की त्यांना हवे तिकडे जाऊ देणार, असे त्याने पाहुण्यास सांगितले. देल्ला वाल्ले याने हा वृत्तान्त नेपल्स येथील आपले वैद्य मित्र मारिओ स्किपानो यांना पत्रातून कळविला. भारतातील पत्रांचा हा भाग त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला व पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

गुजरातेतील जैन व वैष्णव महाजनांच्या आश्रयाने वाढलेल्या पांजरापोळींच्या परंपरेत हे रुग्णालय बसते, आणि ती परंपरा आपल्या समाजास अपरिचित नाही. तथापि त्या पिसाकडे मात्र फारसे कुणी बारकाईने पाहिलेले दिसत नाही. डोळे न उघडलेल्या पिल्लाचे तोंड मोहरीच्या दाण्याएवढे. त्यात वाटीने वा चमच्याने दूध ओतले तर ते घशातून थेट श्वासनलिकेत उतरते आणि पिल्लू दगावते. पिसाच्या टोकाला थेंबाचाही अंश तेवढा टिकतो. म्हणजे पीस हे केवळ कोवळेपणाचे नव्हे, तर मापाचे साधन होते. उंदरासारख्या लहान जीवाची शुश्रूषा करताना दयेइतकेच माप महत्त्वाचे असते, ही गोष्ट त्या वृद्धास अनुभवाने उमगली असावी. शास्त्राला ती कळण्यास पुढे तीनशे वर्षे लागली.

मधल्या काळात जीवदयेचे कार्य थांबले होते असे नाही. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली. १८८६ मध्ये परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालयही निघाले. परंतु त्या काळचे पशुवैद्यक हे मुख्यतः घोड्याचे व बैलाचे वैद्यक होते. ज्याचे बाजारात मोल नाही, त्या प्राण्याच्या छातीला कान लावण्यास कोण बसणार? त्यातच १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत उंदराच्या पिसवेवाटे हा रोग पसरतो असे दाखवून दिले. आणि उंदीर हा रुग्ण न राहता शत्रू ठरला. त्या भीषण साथीत माणसे जशी मेली तसे उंदीरही असंख्य मेले, ही बाब सहसा ध्यानी येत नाही. प्लेग हा मुळात उंदरांचाच रोग होय.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे उंदराचे नशीब निराळ्याच दिशेने वळत होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. तो वेगळ्या रंगाचे उंदीर न मारता त्यांची पैदास करी व हौशी लोकांस विके. १९०१ मध्ये एल्सबरी येथील प्रदर्शनात मेरी डग्लस या महिलेच्या आग्रहावरून पाळीव उंदरांचा स्वतंत्र विभाग प्रथमच मांडला गेला. १९०६ पासून फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटने पांढरे उंदीर प्रयोगांसाठी पद्धतशीर वाढविण्यास आरंभ केला. आज घरोघरी पाळले जाणारे उंदीर आणि प्रयोगशाळेतील उंदीर हे एकाच जातीचे होत. शेकडो उंदीर एकत्र ठेवल्यावर मात्र एक गोष्ट सर्वत्र दिसू लागली. उंदीर शिंकत, धापा टाकीत, अंगाने झडत आणि फुप्फुसे पू व गाठींनी भरून मरत.

याचे कारण शोधण्यात एका निर्वासित विदुषीचा मोठा वाटा आहे. एमी क्लीनेबर्गर या जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे जंतुशास्त्राचे अध्यापन करीत. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना पद गमवावे लागले आणि त्या लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. १९३७ मध्ये त्यांनी व स्टीबेन यांनी उंदराच्या रोगट फुप्फुसातून एक अतिसूक्ष्म जंतू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. तोच पुढे मायकोप्लाझ्मा पल्मोनिस या नावाने ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत जॉन नेल्सन यांनीही याच काळात मूषकांच्या सर्दीपडशाचा अभ्यास चालविला होता. तरीही हा जंतू खरा दोषी की नुसता सोबती, हा वाद बरीच वर्षे चालला. १९७१ मध्ये रसेल लिंडसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतुरहित वाढविलेल्या निरोगी उंदरांना हा जंतू टोचून तोच रोग निर्माण केला, तेव्हा कुठे वाद मिटला.

येथे अहिंसेस मानणाऱ्या वाचकाने क्षणभर थांबावे हे स्वाभाविक आहे. मूषकांच्या श्वासरोगाविषयी आज जे निश्चित ज्ञान आहे, ते निरोगी मूषकांना रोगी करून मिळाले आहे. शिवाय त्या संशोधनाचा हेतू उंदीर बरा करणे हा नव्हता. आजारी उंदरांमुळे प्रयोगांचे निष्कर्ष चुकतात, ही त्यामागची अडचण होती. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठी समितीची तरतूद केली, ती याच प्रश्नाच्या जाणिवेतून. ज्ञान कोणत्या मार्गाने आले हे विसरू नये. परंतु आले असता ते आजारी जीवाच्या कामी न लावणे, हा त्या गेलेल्या मूषकांवर दुसरा अन्याय होईल.

या जंतूचे वैशिष्ट्य असे की त्यास पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन व त्या कुळातील औषधे जंतूची भिंतच पाडतात. जेथे भिंतच नाही तेथे त्यांनी काय करावे? म्हणून घरातील माणसासाठी आणलेले अमॉक्सिसिलिन या जंतूवर चालत नाही; सोबत जडलेल्या अन्य जंतूंपुरता त्याचा उपयोग. गिनीपिगसारख्या कृंतकांना तर पेनिसिलिन घातक ठरते, हे १९४३ मध्येच दिसून आले होते. याउलट जंतूच्या प्रथिननिर्मितीवर घाव घालणारी टेट्रासायक्लिन गटातील औषधे येथे उपयोगी पडतात. त्यांपैकी डॉक्सीसायक्लिन १९६७ पासून वापरात आले, तर पशूंसाठीच तयार झालेले एनरोफ्लॉक्सासिन १९८० च्या दशकात. पशुवैद्यक आज बहुधा ही दोन औषधे, कित्येकदा एकत्र, देतात.

आणि येथेच मात्रेचा प्रश्न उभा राहतो. साठ किलो वजनाच्या माणसास डॉक्सीसायक्लिनची १०० मि.ग्रॅ.ची कॅप्सूल देतात. ४०० ग्रॅमच्या उंदरास वजनाच्या साध्या त्रैराशिकाने पाऊण मिलिग्रॅमहूनही कमी औषध येईल. परंतु लहान प्राण्याचे हृदय मिनिटास तीनशेहून अधिक ठोके घेते, त्याचा देह औषध झपाट्याने जाळतो व बाहेर टाकतो. म्हणून उंदरासाठीचे प्रचलित प्रमाण किलोमागे ५ मि.ग्रॅ.पर्यंत, तेही दर बारा तासांनी, असे आहे. म्हणजे एका वेळी २ मि.ग्रॅ. त्रैराशिकाने चालणारा माणूस उंदरास गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच औषध देतो, तर कॅप्सूल फोडून चिमूटभर टाकणारा कितीतरी पट अधिक. सराफी पेढीवर वाढलेल्यांस हे चटकन उमगेल. ४०० ग्रॅम म्हणजे सुमारे चौतीस तोळ्यांचा जीव आणि २ मि.ग्रॅ. म्हणजे एका गुंजेचा साठावा भाग! तो कुणाच्या चिमटीने मोजावा?

उलट दिशेने हीच चूक १९६२ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे घडली. मांजरास चालणाऱ्या प्रमाणाचा आधार घेऊन, वजनाच्या हिशेबाने टस्को नावाच्या हत्तीस एलएसडी हे द्रव्य २९७ मि.ग्रॅ. टोचण्यात आले. दोन तासांच्या आत तो हत्ती मरण पावला. देहाचा आकार बदलला की मात्रा नुसत्या गुणाकार-भागाकाराने बदलत नाही, याचे उदाहरण म्हणून ती घटना आजही विद्यार्थ्यांना सांगितली जाते.

उंदराची मात्रा यासाठी द्रवरूपात मोजावी लागते. १०० मि.ग्रॅ. औषध १० मि.ली. द्रवात मिसळले तर २ मि.ग्रॅ.साठी ०.२ मि.ली. पुरते; बाटली प्रत्येक वेळी हलविली पाहिजे, कारण औषध तळाशी बसते. मोजण्यास सुई काढलेली १ मि.ली.ची सिरिंज घ्यावी. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या सिरिंजवर मिलीलिटरऐवजी ४० युनिटांच्या खुणा असतात, तेथे ०.२ मि.ली. म्हणजे ८ युनिट. ही गफलत झाली तर सारा हिशेब कोसळतो. आजारात उंदराचे वजन भराभर घटते, म्हणून स्वयंपाकघरातील अंकात्मक काट्यावर ते वरचेवर पाहावे. औषध कोणते, किती व किती दिवस हे पशुवैद्यकानेच ठरवावयाचे. घरच्यांचे काम ठरलेले माप न चुकविण्याचे. द्रव जिभेच्या बाजूने, थांबत थांबत द्यावा. येथे पुन्हा खंभातचे पीस आठवते.

औषध पाण्याच्या बाटलीत टाकण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती बहुधा अपयशी ठरते. पाणी कडू होते, आजारी उंदीर आधीच कमी पितो, मग तो पिणेच सोडतो. श्रावकास अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांतील अन्नपाननिरोध येथे आठवेल. हेतू चांगला असूनही घडते तेच. दुधाचीही तीच गत. दुधातील कॅल्शियम ही दोन्ही औषधे कमीअधिक बांधून ठेवते व ती अंगी लागत नाहीत. कापसातल्या पिल्लांना ज्या दुधाने जगविले, ते दूध औषधासोबत मात्र नको.

पिंजऱ्याची हवा हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग. १९७६ मध्ये ब्रॉडरसन, लिंडसी व क्रॉफर्ड यांनी दाखविले की दशलक्ष भागांत २५ भाग एवढ्या अल्प अमोनियानेही हा रोग बळावतो. मूत्राने भिजलेले अंथरूण न बदलता औषध देत राहणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे. उंदराच्या नाकाडोळ्यांभोवती दिसणारा लाल स्राव पाहून घरातील मंडळी घाबरतात. ते बहुधा रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीतील पोरफायरिन हे रंगद्रव्य असते. तो ताणाचा वा आजाराचा इशारा समजावा. मात्र उंदीर तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर तासाभराचाही विलंब करू नये, कारण तो स्वभावतः नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे.

हा जंतू मातेच्या उदरातच पिल्लास लागू शकतो आणि औषधाने तो दबतो, समूळ जात नाही. दोन दिवसांत शिंका थांबल्या म्हणून औषध बंद केले की रोग उलटतो. उपचार सहसा काही आठवडे चालतो. खंभातचा तो वृद्ध पिल्ले मोठी होताच त्यांना मोकळे सोडणार होता. आजच्या पाळीव उंदराला तशी मोकळीक देता येत नाही. दोन-तीन वर्षांचे त्याचे सारे आयुष्य त्याच घरात जाते, आणि पुढच्या मात्रेची वेळ बारा तासांनी पुन्हा येते.