नोकरी सांभाळून आचार्यपद : वाशिम जिल्ह्यातील संशोधनाची एक जुनी वाट

नोकरी न सोडता पीएच.डी. म्हणजे आचार्य पदवी मिळवणे ही अलीकडच्या काळातील सवलत आहे, असा समज सर्रास आढळतो. परंतु वाशिम जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा विद्याव्यवहार पाहिला असता हा समज टिकत नाही. या प्रदेशात विद्यापीठ नव्हते आणि आजही विद्यापीठाचे मुख्यालय जिल्ह्याबाहेरच आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आणि १९८३ मध्ये सुरू झालेले अमरावती विद्यापीठ ही दोन्ही ठिकाणे येथील अभ्यासकाला दूरचीच होती, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा जिल्हा झाल्यानेही हे अंतर घटले नाही. त्यामुळे ज्याला संशोधन करायचे होते त्याला ते पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, सुट्यांच्या आणि रात्रींच्या वेळात करावे लागले.

या वाटेचा सर्वांत समृद्ध दाखला जिल्ह्यातील कारंजा येथे सापडतो. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांच्या येथील मंदिरांत हस्तलिखितांची भांडारे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले पोथ्यांचे संग्रह, होती, आणि त्यांत अपभ्रंश भाषेतील, म्हणजे प्राकृत आणि आधुनिक देशी भाषा यांच्या मधल्या टप्प्यातील, अत्यंत दुर्मीळ काव्ये सुरक्षित राहिली होती. डॉ. हीरालाल जैन १९२५ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापक झाले आणि अध्यापन चालू असतानाच त्यांनी या पोथ्या हाती घेतल्या. अशा पोथीत शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, ओळ सलग धावते, लेखनिकाने गाळलेले अक्षर समासात कोंबलेले असते. म्हणून संपादकाला आधी शब्द सुटे करावे लागतात, मग दुसऱ्या प्रतींशी ताडून पाठभेद, म्हणजे प्रतींमधील फरक, नोंदवावे लागतात आणि त्यानंतरच अर्थाकडे वळता येते. वर्गावर शिकवणाऱ्या माणसाने हे काम वर्षानुवर्षे केले, हे ज्याने एकदा तरी जुनी पोथी वाचून पाहिली आहे त्यालाच पुरते उमगेल. कारंजाच्याच दात्यांच्या साहाय्याने चाललेल्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेतून ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘पाहुडदोहा’ (१९३३) आणि मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ (१९३४) ही संपादने निघाली. यांपैकी शेवटच्या ग्रंथातील तेरापूरच्या लेण्यांचे वर्णन धाराशिवच्या प्रत्यक्ष लेण्यांशी जुळवून पाहण्याचे कामही त्यांनी केले. नागपूर विद्यापीठाची डी.लिट., म्हणजे पीएच.डी.च्या वरची मानली जाणारी पदवी, त्यांना १९४४ मध्ये मिळाली. तेव्हा कारंजाच्या पोथ्यांवरील त्यांची मुख्य संपादने प्रसिद्ध होऊन दशक लोटले होते. काम आधी आणि पदवी नंतर असा हा क्रम होता.

१९३९ मध्ये खुद्द वाशिम येथे मिळालेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटांची कथाही याच जातीची आहे. ते विद्वानांपुढे आणणाऱ्यांत यवतमाळचे वकील य. खु. देशपांडे होते, तर त्यांचे सविस्तर वाचन नागपूरच्या मॉरिस कॉलेजातील अध्यापक वा. वि. मिराशी यांनी केले. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे प्राचीन वाशिम येथून राज्य करणारी शाखा, इतिहासात पक्की झाली ती या कोरीव पत्र्यांमुळे.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आणि संशोधनाच्या प्रेरणेत नोकरीचा हिशेब मिसळला. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकपदासाठी नेट ही पात्रता परीक्षा आवश्यक केली, पुढे पीएच.डी.धारकांना वेळोवेळी तीतून सूट मिळाली, आणि २०१० च्या नियमांनी सेवेत असताना पीएच.डी. पूर्ण करणाऱ्यास तीन वेतनवाढी दिल्या. पदवीचा मोबदला ठरला तसे प्रबंधांचे पीकही वाढले. यात दोष अध्यापकाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. ज्या पायरीवर पगार आणि पदोन्नती अवलंबून असते त्या पायरीकडे माणसे धाव घेणारच.

दूरशिक्षणाने, म्हणजे टपालाने येणारी पुस्तके आणि अधूनमधूनचे संपर्कवर्ग यांवर चालणाऱ्या पद्धतीने, पीएच.डी. देण्यास आयोगाने २००९ च्या नियमांत मनाई केली. २०१६ च्या नियमांत ही मनाई कायम ठेवून अर्धवेळ पीएच.डी.ला मात्र स्पष्ट मान्यता दिली, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांत हाच भेद राहिला. त्यानुसार अर्धवेळ संशोधकालाही किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, म्हणजे संशोधनपद्धतीचे वर्ग, पूर्ण करावे लागतात, मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची असते, आणि नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या प्रमाणपत्रात उमेदवाराला संशोधनास पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल, असे लिहून द्यायचे असते. मनाई आणि मान्यता यांतील हा भेद योग्यच आहे. हीरालाल जैनांच्या कामाचा कस पोथी समोर ठेवून बसण्यात होता आणि तो टपालाने येणारा नव्हता. त्यांचे अध्यापन मात्र त्या कामाच्या आड आले नाही.

प्रश्न उरतो तो प्रमाणपत्रावरील सहीचा. वाशिमहून अमरावती सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि वर्गासाठी तेथे जाणाऱ्या शिक्षकाचा तास गावात दुसऱ्या कोणी घेतला नाही, तर पुरेशा वेळेचे लेखी आश्वासन कोरेच राहते. ना-हरकत देणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्याच दिवशी वेळापत्रकही बदलून द्यावे.