काच खाणारें अम्ल

काच ही मोठी चिवट वस्तु आहे. बहुतेक अम्लें तिला अपाय करूं शकत नाहींत, म्हणूनच तीं काचेच्या बाटलींत ठेवितात. परंतु एक अम्ल तिलाही खातें, आणि काचेवर नक्षी उठविण्याचा उद्योग त्याच्याच बळावर वाढला.

न्युरेंबर्गच्या हाइनरिख श्वानहार्ट यानें १६७० च्या सुमारास अम्लानें काच कोरली, असें सांगतात. पुढें १७७१ सालीं स्वीडनमधील शेले यानें फ्लोरस्पार खनिज गंधकाम्लांत तापविलें, तेव्हां निघालेल्या वायूनें त्याचें काचपात्रच कुरतडलें. त्यांतील फ्लोरिन वेगळें करण्याच्या नादांत बेल्जमचा लूयेत १८५० सालीं व फ्रान्सचा निक्लेस १८६९ सालीं प्राणास मुकला. अखेर १८८६ सालीं आंरी म्वासाँ यानें तें साधलें. १९०६ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें.

ह्या अम्लाचा दगा असा कीं, तें सौम्य असल्यास सांडतांच आग होत नाहीं. माणूस हात पुसून पुन्हां कामास लागतो. वेदना कित्येक तासांनीं उठतात. तोंवर तें मांसांत उतरून तेथील कॅल्शियम बांधून टाकतें. रक्तांतील कॅल्शियम घटलें कीं हृदयही थांबूं शकतें.

बीड जिल्ह्यास हें द्रव्य परकें नाहीं. तेथील कांहीं विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आढळतें. लिटरमागें १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडलेलें पाणी वर्षानुवर्षें प्यालें तर दांत डागाळतात, आणि प्रमाण फार वाढल्यास हाडेंही ताठरतात. कॅल्शियमची ओढ तीच. पाण्यांतून ती वर्षें घेते, अम्लांतून एका रात्रींत जिवावर उठते.

घरीं नांव कोरण्यासाठीं मिळणाऱ्या मलमांतही बहुधा ह्याच कुळांतील क्षार असतो. तें वापरतांना रबरी हातमोजे व डोळ्यांस बंद चष्मा असावा, खिडक्या उघड्या असाव्या, मुलें दूर असावीं. अंगास लागल्यास, दुखो वा न दुखो, त्वरित वाहत्या पाण्यानें धुवून दवाखाना गांठावा व द्रव्याचें नांव सांगावें. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचें मलम लावितात. मूळ अम्ल तर घरांत आणूंच नये. हौसेपुरती नक्षी हिऱ्याच्या टोकानें किंवा कुरुंदानें, काच ओली ठेवून, उत्तम उठते; अम्लापूर्वींचे कारागीर कुरुंदाच्या पुडीनें व चाकानेंच काच कोरीत असत.