बाराशे सदुसष्ट : एका यादीची कुळकथा

दहशतवाद्यांची आर्थिक नाकेबंदी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेजवळ जी साधने आहेत, त्यांत १५ ऑक्टोबर १९९९ रोजी संमत झालेल्या १२६७ क्रमांकाच्या ठरावातून उगवलेली यादी सर्वांत प्रभावी मानली जाते. या यादीत ज्याचे नाव येते त्याची मालमत्ता विनाविलंब गोठवणे, त्याला आपल्या हद्दीत येऊ न देणे आणि त्याच्या हाती शस्त्रे पडू न देणे ही तिन्ही कामे प्रत्येक सदस्य राष्ट्रावर बंधनकारक ठरतात. नाव घालण्यापूर्वी कोणत्याही न्यायालयात गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, कारण हा उपाय शिक्षा म्हणून नव्हे तर प्रतिबंध म्हणून योजला गेला.

या उपायाच्या मुळाशी एक फसलेला कायदेशीर प्रयत्न आहे. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रान्समधील मार्सेय येथे युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांची हत्या झाली आणि कटाचे सूत्रधार इटलीत आढळले, तेव्हा तूरिन येथील न्यायालयाने हा राजकीय गुन्हा असल्याचे कारण देऊन त्यांचे प्रत्यर्पण, म्हणजे खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करणे, नाकारले. या नकारातून धडा घेऊन संयुक्त राष्ट्रांपूर्वीच्या राष्ट्रसंघाने १९३७ साली जिनिव्हा येथे दहशतवादविरोधी करार तयार केला. त्यावर २४ राष्ट्रांनी सह्या केल्या. परंतु सहीनंतर आवश्यक असलेले अनुसमर्थन एकाच देशाने दिले, आणि तो देश म्हणजे तेव्हाचा ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थान. करार कधीच अमलात आला नाही. राष्ट्रांची संमती मागत बसण्याचा मार्ग किती लांबचा असतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

दुसरा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाचा होता, ज्याखाली सुरक्षा परिषद सर्व राष्ट्रांना थेट आज्ञा करू शकते. लॉकरबीच्या आकाशात १९८८ साली झालेल्या विमानस्फोटात २७० माणसे मेली, आणि संशयितांना स्वाधीन न करणाऱ्या लिबियावर १९९२ साली याच प्रकरणाखाली निर्बंध आले. मात्र संपूर्ण देशावर निर्बंध घातले की त्याची झळ कोणाला लागते, हे त्याच दशकात इराकने जगाला दाखवले. १९९० पासूनच्या सरसकट आर्थिक बंदीने तेथील राजवट डळमळली नाही, परंतु सामान्य कुटुंबांचे अन्न आणि औषध तुटले. देशाऐवजी दोषी माणसांच्या पैशावर आणि प्रवासावर घाव घालणाऱ्या लक्ष्यवेधी निर्बंधांची कल्पना या अनुभवातून बळावली.

नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर ७ ऑगस्ट १९९८ रोजी झालेल्या हल्ल्यांत २२४ जणांचा बळी गेल्यावर ती कल्पना प्रत्यक्षात उतरली. या हल्ल्यांमागील ओसामा बिन लादेनला अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीने स्वाधीन करावे, ही १२६७ व्या ठरावाची मागणी होती. ती मान्य न झाल्याने १४ नोव्हेंबर १९९९ पासून तालिबानचा निधी आणि विमानवाहतूक यांवर बंदी आली. त्यानंतर चाळीस दिवसांनी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले, ते याच तालिबानच्या कंदहारला नेण्यात आले आणि प्रवाशांच्या बदल्यात भारताला तुरुंगातील दहशतवादी मसूद अझहरला सोडावे लागले. निर्बंधांनी राजवट वाकत नाही याचा हा कटू पुरावा होता. डिसेंबर २००० मधील १३३३ व्या ठरावाने बिन लादेन आणि त्याचे सहकारी यांना निर्बंधांच्या कक्षेत आणले, तर ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, जानेवारी २००२ मध्ये, १३९० व्या ठरावाने अफगाणिस्तानच्या भूमीशी असलेला संबंधच काढून टाकला. एका राजवटीला वठणीवर आणण्यासाठी केलेली यादी अशा रीतीने जगभरच्या व्यक्तींची यादी झाली.

त्या धावपळीत नावे झपाट्याने घातली गेली. सौदी व्यापारी यासीन कादी यांची मालमत्ता गोठवली गेली तेव्हा पुरावा काय, हे त्यांना सांगितले गेले नव्हते. ३ सप्टेंबर २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने, बचावाची संधी न देता केलेली ही कारवाई मूलभूत हक्कांचा भंग करते, असे ठरवून युरोपीय संघाचा संबंधित नियम त्यांच्यापुरता रद्द केला. या दबावामुळे डिसेंबर २००९ मध्ये १९०४ व्या ठरावाने नाव वगळण्याच्या अर्जांची छाननी करणारे स्वतंत्र लोकपालाचे पद निर्माण केले, आणि कॅनडाच्या न्यायाधीश किम्बर्ली प्रोस्ट त्या पदावर प्रथम आल्या. ही सुधारणा न्याय्यच होती, उलट ती फार उशिरा झाली.

परंतु यादीचे दुसरे दार, म्हणजे नाव आत घेण्याचे, तसेच राहिले. नावे ठरवणाऱ्या समितीत सुरक्षा परिषदेचे सर्व १५ सदस्य असतात, तिचे कामकाज बंद दाराआड चालते आणि निर्णय सर्वसहमतीने होतो, म्हणजे एका सदस्याने हरकत घेतली तरी प्रस्ताव अडतो. मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेल्यावर त्या हल्ल्याचा सूत्रधार मानल्या जाणाऱ्या हाफिज सईदचे नाव १० डिसेंबर २००८ रोजी, दोन आठवड्यांच्या आत, यादीत आले; त्याच महिन्यात भारतानेही बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात ५१-अ हे कलम घालून अशा व्यक्तींची मालमत्ता गोठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. तरीही दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल पाकिस्तानी न्यायालयाने सईदला दोषी ठरवले ते फेब्रुवारी २०२० मध्ये, जेव्हा वित्तीय कृती दल या आंतरराष्ट्रीय संस्थेने पाकिस्तानला वाढीव देखरेखीच्या करड्या यादीत ठेवले होते. मसूद अझहरची जैश-ए-मोहम्मद ही संघटना ऑक्टोबर २००१ पासून यादीत होती, पण तिच्या संस्थापकाचे नाव घालण्याचे २००९ पासूनचे प्रयत्न चीनच्या हरकतींमुळे आणि तांत्रिक स्थगितीमुळे, म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याच्या मागणीमुळे, रखडले आणि पुलवामातील हल्ल्यात ४० जवान मारले गेल्यानंतर, १ मे २०१९ रोजी, ते नाव यादीत आले.

ज्याचे नाव चुकून आले त्याला आज लोकपालाकडे जाता येते. ज्यांचे आप्त मारले गेले त्यांना मात्र प्रस्ताव का अडला हे विचारण्याची जागा नाही, कारण स्थगिती देणाऱ्या राष्ट्रावर आपले कारण जाहीर करण्याचे बंधन नाही. ते बंधन घालणे ही या यादीतील पुढची आणि सर्वांत निकडीची सुधारणा आहे.