उन्हाळी शिबिरांतील रखवालदार

अमेरिकेंतील उन्हाळी शिबिरांविषयीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत जी कल्पना रूढ आहे, ती बहुधा चित्रपटांवरून बनलेली असते. सरोवर, होड्या, रात्रीं शेकोटीभोंवतीं गाणीं; आणि मुलांबरोबर मनमुराद हुंदडणारा एक विशीच्या आंतबाहेरचा तरुण. त्याला तेथें ‘कौन्सेलर’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सल्लागार. पण सल्ला देण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचित्, आणि एखाद्या मुलाचें ओलें अंथरूण सोबत्यांना कळूं न देतां बदलण्याचा वारंवार येतो. फुकट सहल आणि वर पगार, असें ह्या कामाचें वर्णन करणारे लोक आहेत. (दीर्घ सुटीबद्दल आमच्या पेशाचा हेवा करणारे बहुधा हेच!)

१८६१ सालीं, यादवी युद्ध नुकतेंच पेटलें असतां, कनेक्टिकटमधील शिक्षक फ्रेडरिक गन ह्यांनीं आपल्या शाळेंतील मुलांना सुमारें ४० मैल चालवीत समुद्रकांठीं नेलें व दोन आठवडे तंबूंत ठेविलें. मुलांना शिपायांसारखें राहण्याची हौस होती. देखरेखीस गुरुजी स्वतः होते, गुरुपत्नीही होत्या. तेव्हां वेगळ्या रखवालदाराचा प्रश्नच उद्भवला नाहीं.

तो उद्भवला १८८१ सालीं. न्यू हॅम्पशायरमधील स्क्वॉम सरोवरांतील एका बेटावर अर्नेस्ट बाल्च ह्या कॉलेजांतील तरुणानें ‘कॅम्प चोकोरुआ’ उघडला. श्रीमंतांचीं मुलें उन्हाळ्यांत हॉटेलांतून आळसांत लोळतात, हें त्याला पाहवेना. बेटावर नोकर नकोत. रांधणें, भांडीं, झाडलोट सर्व मुलांनींच करावयाचें, असा त्याचा नियम. ऐकावयास हें गोड आहे. पण ज्या मुलानें घरीं पाण्याचा पेलाही स्वतः उचललेला नाहीं, त्याच्याकडून पातेलें घांसून घेणें म्हणजे काय, हें आमच्या वाचक गृहिणींस सांगावयास नको. नोकर गेले, पण शिकविण्याचें, तपासण्याचें व बिघडलें तें निस्तरण्याचें ओझें मुलांवर देखरेख करणाऱ्यांच्या शिरावर आलें. हें शिबिर १८८९ पर्यंत चाललें, आणि पुढील अनेकांनीं त्याचाच कित्ता गिरविला. १९११ सालीं गिब्सन ह्यांनीं मुलांच्या शिबिरांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत नेतृत्वाचें प्रकरण जागा व स्वच्छता ह्यांच्याही आधीं घातलें आहे. आमच्या मतें हा क्रम अगदीं योग्य होय.

लोकांची समजूत मात्र बदलली नाहीं. उलट कायद्यानें ती पक्की केली. १९३८ च्या संघीय वेतन-कायद्यांत पुढें अशी सवलत घालण्यांत आली कीं, वर्षांत सात महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या करमणुकीच्या संस्था व शिबिरें ह्यांना किमान वेतनाचें बंधन नाहीं. काम मौजेचें, म्हणून वेतन थोडें. आणि वेतन थोडें, म्हणून तें काम कसलें, असा हा फेरा आहे. घराच्या आठवणीनें मध्यरात्रीं रडणाऱ्या मुलाजवळ बसल्याचे तास कोणत्या हजेरीपटांत लिहावयाचे?

परदेशांतून येणाऱ्या तरुणांसाठीं सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या १९६१ च्या कायद्याखालीं वेगळी सोय आहे: वय निदान १८, मुदत फार तर चार महिने. आमच्याकडील एखादा विद्यार्थी तिकडे निघाला, तर घरच्यांनीं अमेरिका-दर्शनाच्या गोष्टी क्षणभर बाजूस ठेवाव्या, आणि परक्यांचीं आठ-दहा मुलें रात्रंदिवस सांभाळण्याची तयारी आहे काय, एवढें त्याला आधीं विचारावें.