तारेचा क्रमांक आणि तारेची जाडी : वसई-विरारच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वसई-विरारसह महाराष्ट्रात विजेची तार दोन प्रकारच्या अंकांनी ओळखली जाते. '१.५', '२.५', '४' हे अंक धातूच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. '३/२२', '७/२०' हे अंक ब्रिटिश काळातील गेज पद्धतीचे अवशेष होत. प्रस्तुत निबंधात या दोन पद्धतींमागील विचाराचा मागोवा घेतला आहे.

क्रमांकाचा उगम :
गेजचा क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते. याचे मूळ तार ओढण्याच्या कारागिरीत आहे. पोलादी पट्टीतील क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून तार ओढली जाई. ओढ जितकी जास्त, तितका क्रमांक मोठा. म्हणजे हा अंक मूलतः मापाचा नसून प्रक्रियेचा होता. साहजिकच त्यात एकवाक्यता नव्हती. बर्मिंगहॅम गेजनुसार १० क्रमांकाची तार ३.४० मि.मी. व्यासाची, ब्रिटनने १८८४ पासून लागू केलेल्या प्रमाण गेजनुसार ३.२५ मि.मी., तर १८५७ मध्ये आखलेल्या अमेरिकन गेजनुसार २.५९ मि.मी. भरते.

भारतात ब्रिटिश प्रमाण गेज रूढ झाले. '३/२२' हा अपूर्णांक नव्हे; त्याचा अर्थ २२ गेजचे तीन पदर असा आहे. प्रत्येक पदराचा व्यास ०.७१ मि.मी. असल्याने एकूण छेद सुमारे १.२ चौ.मि.मी. होतो. '७/२०' चा छेद सुमारे ४.६ चौ.मि.मी. भरतो.

छेदाचे महत्त्व :
तारेचा विद्युतरोध छेदाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून विद्युतप्रवाहाच्या दृष्टीने क्षेत्रफळच निर्णायक ठरते. याचे ठळक उदाहरण विरार येथे होते. बोरिवली-विरार लोहमार्गाचे विद्युतीकरण १९३६ मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर झाले. विरारच्या उत्तरेस १९७० च्या दशकात २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आला. समान शक्तीसाठी तेथे प्रवाह सुमारे सतरापटीने कमी लागत असल्याने १०७ चौ.मि.मी. छेदाची एक स्पर्शतार पुरेशी ठरली. दक्षिणेस मात्र डोक्यावरील तारांत बरेच अधिक तांबे वापरावे लागे. २०१२ मध्ये चर्चगेट-विरार मार्गही २५,००० व्होल्टवर गेल्याने हा भेद संपला.

समारोप :
१९५६ च्या वजनमापे कायद्याने देशात दशमान पद्धत आणली आणि तारांची भारतीय मानकेही चौरस मिलिमीटरमध्ये आली. वसई-विरारमधील बहुतांश इमारती त्यानंतरच्या, विशेषतः १९८० च्या दशकानंतरच्या आहेत. तरीही बोलीतील गेज टिकून राहिले. हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. २.५ चौ.मि.मी. च्या जागी '३/२२' बसविल्यास निम्म्याहून कमी तांब्यावर तोच भार पडतो, तार तापते आणि तिचे आवरण वितळून आगीचा धोका संभवतो. क्रमांकामागील माप समजून घेणे म्हणूनच इतिहासाइतकेच सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.