मागच्या रांगेतला मिल्ट हिंटन

मिल्ट हिंटनला व्हायोलिनवादक व्हायचं होतं. जन्म १९१० चा, मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गचा. आजी गुलामगिरीत जन्मलेली. जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला मारून झाडाला टांगलेलं त्याने लहानपणीच पाहिलं होतं. दक्षिणेतल्या लाखो कुटुंबांसारखं हेही कुटुंब उत्तरेला शिकागोत आलं आणि आईने पोराला व्हायोलिनची शिकवणी लावली. ही नुसती हौस नव्हती, तिच्यामागे हिशेब होता. मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली वाद्यवृंद बसायचा, त्यात व्हायोलिनवाल्याला बांधलेला पगार असायचा. शिकागोच्या व्हेंडोम थिएटरातला एर्स्किन टेटचा वाद्यवृंद तर ऐकायलाच लोक जात.

१९२७ मध्ये बोलपट आला आणि बघता बघता या जागा गेल्या. मुरलेले व्हायोलिनवादक घरी बसले, तिथे सतरा वर्षांच्या मुलाला कोण विचारणार?

जॅझमध्ये मात्र त्याच सुमारास उलटं वारं वाहत होतं. खालचा सूर धरायला तोवर बँडमध्ये ट्यूबा हे फुंकायचं अजस्र पितळी वाद्य असे, कारण गजबजलेल्या नाचघरात लाकडी डबल बास ऐकूच यायचा नाही. १९२५ पासून ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला, ताल हलका झाला आणि ट्यूबा मागे पडू लागला. हिंटन बासकडे वळला. न्यू ऑर्लीन्सच्या वादकांची स्लॅपची रीत त्याने अशी काही कमावली, की उतारवयातही लोक तिची फर्माईश करत. तातीची जाड तार बोटांनी ओढून सोडायची. ती पट्टीवर आपटून टप्पकन वाजते. लगोलग तळव्याची थाप द्यायची. सूर आणि ठेका दोन्ही एकाच माणसाच्या हातून निघतात, आणि ध्वनिवर्धक नसला तरी शेवटच्या टेबलापर्यंत पोचतात.

हा हात थोडक्यात बचावला होता. दारूबंदीच्या काळात अल कपोनच्या धंद्याशी जोडलेल्या एका ओळखीच्या माणसाकडे तो गाडीवर काम करत असताना अपघात झाला आणि उजव्या हाताचं एक बोट लोंबकळू लागलं. डॉक्टर ते कापायला निघाले. कपोनने दम भरून ते शिवायला लावलं, असं हिंटन स्वतः सांगे. अमेरिकन संगीताच्या इतिहासात या गुंडाची एवढी एक नोंद जमेच्या बाजूला करायला हरकत नाही.

१९३६ मध्ये गायक कॅब कॅलोवेच्या बँडमधला बासवाला सोडून गेला. न्यू यॉर्कला पोचेपर्यंत बदली म्हणून हिंटनला घेतलं, तिथे कुणीतरी चांगला मिळेल या हिशेबाने. बदली वादक पंधरा वर्षं टिकला. १९३९ मध्ये ‘प्लकिन द बास’ ही रेकॉर्ड खास त्याचा बास पुढे आणण्यासाठी झाली. बँडमध्ये आलेला तरुण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी त्याला दोन खेळांच्या मधल्या वेळात कॉटन क्लबच्या गच्चीवर घेऊन जाई आणि नव्या स्वरसंगती घोटून घेई. १९४१ मध्ये हार्टफर्डला ऐन कार्यक्रमात रंगमंचावर थुंकीने भिजवलेला कागदाचा बोळा येऊन पडला. कॅलोवेने आळ गिलेस्पीवर घेतला, विंगेत जुंपली, गिलेस्पीने सुरी काढली. हिंटनने त्याचा हात ढकलला म्हणून कॅलोवेचं जखमेवर भागलं. गिलेस्पीची नोकरी गेली. बोळा मारला होता बँडमधल्याच जोना जोन्सने.

हे सगळं हिंटनच्या डोळ्यांसमोर घडत होतं, कारण बासवाला उभा असतो मागे, आणि मागून सगळेच दिसतात. पंचविसाव्या वाढदिवसाला त्याला कॅमेरा भेट मिळाला होता. तेव्हापासून रेल्वेच्या डब्यात झोपलेले, पत्ते कुटणारे, स्टुडिओत ताटकळणारे वादक तो टिपत राहिला. १९४० च्या सुमारास अटलांटाच्या स्टेशनवर, कृष्णवर्णीयांसाठी वेगळं दार दाखवणाऱ्या पाटीखाली, झकपक सुटातले त्याचे सहकारी उभे आहेत. बँडचे कपडे पाहिले की ही माणसं मागल्या दाराने आत जात होती यावर विश्वास बसत नाही. १९५८ मध्ये छायाचित्रकार आर्ट केनने हार्लेममध्ये ५७ वादकांचा तो प्रसिद्ध एकत्र फोटो काढला, तेव्हा हिंटन रांगेत होता आणि त्याची बायको मोना आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रण करत होती. १९९४ च्या ‘अ ग्रेट डे इन हार्लेम’ या माहितीपटात ते कामी आलं. हिंटनच्या निगेटिव्ह जमल्या साठ हजारांच्या घरात.

१९५० च्या आसपास मोठे बँड परवडेनासे झाले, कॅलोवेचाही मोडला. काही दिवस लुई आर्मस्ट्राँगकडे वाजवल्यावर हिंटनला स्टुडिओचं दार उघडलं ते जॅकी ग्लीसन या विनोदी नटामुळे. न्यू यॉर्कचे स्टुडिओ तोवर जवळजवळ गोऱ्यांचेच होते. ग्लीसनने आपल्या ध्वनिमुद्रणासाठी हिंटन हवाच म्हणून सांगितलं, आणि मग बोलावणी थांबेनात. सकाळी जाहिरातीची धून, दुपारी पॉप गाणं, रात्री जॅझ. बिली हॉलिडेच्या ‘लेडी इन सॅटिन’मध्ये तोच आणि बॉबी डॅरिनच्या ‘मॅक द नाइफ’मध्येही तोच. एवढं ऐकलेला आणि एवढा अनोळखी वादक दुसरा सापडणं कठीण.

१९६० च्या दशकाअखेर विजेच्या बास गिटारने स्टुडिओतली ही कामंही खाल्ली. व्हायोलिन बोलपटाने गेलं होतं, मोठा बँड खर्चाने. आता तिसऱ्यांदा धंदा पालटला. हिंटन हंटर आणि बारूक कॉलेजात शिकवू लागला, जॅझ महोत्सवांना जाऊ लागला. पोरं त्याला ‘जज’ म्हणत. १९८८ च्या जानेवारीत ब्रॅनफर्ड मार्सालिस या विशीतल्या सॅक्सोफोनवादकाने ‘ट्रायो जीपी’ या अल्बमसाठी सत्त्याहत्तर वर्षांच्या हिंटनला बोलावलं. सोबत होता ड्रमवर जेफ वॉट्स, तोही विशीतलाच, आणि दोन पिढ्यांनी मोठ्या माणसाचा ठेका या दोघांना सांभाळून घ्यावा लागला नाही. २००० च्या डिसेंबरात क्वीन्समध्ये हिंटन वारला तेव्हा तो नव्वद वर्षांचा होता.